हंडीचा पहिला घोट

आजी: ओतला! माझ्या डोळ्यांदेखत ओतला. दोन्ही हातांनी वाटी दिली मी, आणि तुझ्या लेकीनं खिशातनं बाटली काढून तीत रस्सा ओतला, वर बूच लावलं. म्हणते काय, ‘आजी, हे मी नंतर बघते.’ बघते? पू घराण्याची हंडी म्हणजे काय जत्रेतला पाळणा आहे, लांबनं बघायला?

छ्यूपिंग: आई, जरा हळू. वर माळ्यावरच आहे ती.

आजी: ऐकू दे की. माझ्या घरात मी कशाला हळू बोलू? या उंबऱ्यात आले तेव्हापासून वर्षाच्या सगळ्यात लहान दिवसाला बचनागाची हंडी चढतेय. घरातल्या थोरल्या बाईनं चाखायचं, जिभेला मुंग्या येत नाहीत म्हणून सांगायचं, की मग बाकीच्यांनी वाट्या पुढं करायच्या. माझ्या सासूनं चाखलं, मी प्यायले. मी चाखते, तुम्ही पिता. आजवर कुणी बाटली आणली होती?

छ्यूपिंग: तिकडं चेंगडूला ती बचनागाचीच मोजणी करते ना. कुठल्या जातीत औषध किती, विष किती. दिवसभर तेच बघायचं, मग बसते माणसाच्या मनात भीती.

आजी: तूही प्यायली नाहीस, पण तुझी यंदा कोरडं राहायची पाळी. घरातलं एक माणूस कोरडं पाहिजेच, कुणाला काही झालं तर धावायला. तो रिवाज झाला. हिचं काय? बापासमोर वाटी नाकारली. बरं, ती संध्याकाळी पंगतीला येणाऱ्यांसमोर असं काही करणार नाही कशावरून? सगळी वाडी यायचीय. पू कुइझेनच्या हंडीला तिची नातच तोंड लावत नाही म्हटल्यावर लोक काय म्हणतील?

छ्यूपिंग: मी सांगते तिला.

आजी: तू काय सांगणार! उन्हाळ्यात सांगितलंस? आम्ही जन्मभर बचनागाचे तुरे खुडले. फूल मारलं की कंद पोसतो, हे शेंबड्या पोराला कळतं. हिनं माझ्या शेतात तीन ओळी फुलू दिल्या. का, तर फुलं बघून जात पक्की करायचीय. निळी टोपडी घातल्यासारखी उभी होती झाडं, आणि कंद केवढे, तर लसणाएवढे! गाव हसून गेलं. आणि ते तिरफळ कुठनं आणलंस गं?

छ्यूपिंग: तिरफळ? काय झालं त्याला?

आजी: भुसा आहे नुसता. चाखून झाल्यावर मूठभर टाकलं हंडीत, तर वाटीत जिभेला चटका नाही की झिणझिण नाही. त्या बाजारातल्या लंगड्यानं तुला गंडवलं. तुझं तोंड बघितलं की कुणालाही गंडवावंसं वाटतं.

छ्यूपिंग: …हो, आई.

आजी: दाचुआन कुठं गेला?

छ्यूपिंग: नदीकडच्या शेतावर. बियाण्याचे कंद आजच लावायचे म्हणाले.

आजी: हंडी पिऊन वाऱ्यात गेला? घाम जिरेपर्यंत दाराबाहेर पडायचं नसतं, हे मी त्याला दूध पाजताना सांगितलंय.

छ्यूपिंग: वर पेलाभर दारूही घेतली त्यांनी.

आजी: बचनागावर दारू? आणि तू बघत बसलीस?

छ्यूपिंग: मी अडवलं होतं.

आजी: तू अडवलंस म्हणजे मनातल्या मनात अडवलंस.

यालान: आई, माळ्यावरची माझी जुडी कुणी हलवली?

आजी: आल्या बाईसाहेब. बाटलीत बघून झालं का?

यालान: आजी, थांब जरा. आई, मी कंदांच्या तीन जुड्या टांगल्या होत्या तुळईला. एक भोपळपानी, एक घोसाळपानी, एक दवणपानी. तीन पानांच्या तीन जाती. आता दोनच आहेत. लाल धाग्याची नाही.

छ्यूपिंग: मी माळ्यावर चढलेच नाही गं आज.

आजी: मी घेतली.

यालान: कुठंय ती?

आजी: कुठं असणार? हंडीत. डोळे काय फाडतेस? खारवलेल्या चकत्यांची बरणी तळाला गेली होती. वर बघितलं तर लाल धाग्याची जुडी. चांगली ठसठशीत. म्हटलं दाचुआननं ठेवली असेल. घेतली, कापली, टाकली. तुझी होती तर तुला दुसरी देईन. एवढं काय तोंड पांढरं करायचं?

यालान: आजी, ती खारवलेली नव्हती. डोंगरावरची होती, कच्ची. नुसती वाळवलेली.

आजी: लाल धागा होता तिला.

यालान: मीच बांधला होता.

आजी: कच्च्याला? या घरात लाल धागा म्हणजे खाराच्या पाण्यातनं निघालेला, पोटात घालायला मोकळा. पांढरा म्हणजे कच्चा, हात धुतल्याशिवाय तोंडाला लावायचा नाही. माझ्या सासूच्या सासूपासून हेच चाललंय.

यालान: मला माहीत नव्हतं. आमच्याकडं लॅबमध्ये लाल म्हणजे धोका. दवणपानीत सगळ्यात जास्त विष निघालं, म्हणून तिला लाल बांधला. भोपळपानी सगळ्यात सौम्य, तिला पांढरा.

आजी: विषाला लाल? नवरीला लाल, बाळंतिणीच्या दाराला लाल, नव्या वर्षाला लाल, आणि विषालाही लाल? कुणाच्या घरात वाढलीस गं तू?

छ्यूपिंग: यालान, म्हणजे… म्हणजे ते काय प्यायलेत?

यालान: आजी, मला नीट सांग. हंडी कधी चढवलीस?

आजी: पहाटे. कोंबडा आरवायच्या आत. खारवलेल्याला तेवढं रग्गड होतं.

यालान: आणि कच्च्याला?

आजी: कच्च्याला… आदल्या दिवशी दिवेलागणीपासून. रात्रभर. मध्ये आधण मोडायचं नाही, गार पाण्याचा थेंब घालायचा नाही.

छ्यूपिंग: आई गं.

आजी: ओरडू नकोस! कुणी मेलं नाही अजून. मी चाखलंय. पळीनं काढून जिभेच्या शेंड्यावर ठेवलं, ओठ मिटून बसले, सगळ्यांनी बघितलं. विष असतं तर जीभ ओरडली असती. माझी जीभ स्वच्छ होती. या जिभेनं आजवर किती हंड्या पास केल्या, विचार वाडीत. एक माणूस आडवा झालाय का?

यालान: नाही झाला. मला माहितीय.

आजी: मग? तुझी मशीन काय सांगते ते सांग. बाटली भरलीयस ना?

यालान: इथं कुठली मशीन? बाटली चेंगडूला न्यायची, गाळायची, मशीनला लावायची. उद्या दुपारपर्यंत कळेल.

आजी: उद्या दुपारी! तोवर माणूस थंड होईल. आणि माझी जीभ जागच्या जागी सांगते. मग कोण मोठं, तुझी मशीन का माझी जीभ?

यालान: आज तरी जीभच. म्हणून तर विचारतेय. आजी, तिरफळाचं काय म्हणत होतीस मघाशी? मी वरनं ऐकलं.

आजी: त्याचं आता काय मध्येच?

यालान: आई, डबा दे तिरफळाचा. आजी, हे दाणे चाव. नीट चाव, गिळू नकोस.

आजी: पोरखेळ चाललाय. घे, चावले. भुसा. म्हटलं ना, भुसा. गवत चावल्यासारखं लागतंय.

यालान: आई, तू एक चाव. मीही चावते.

छ्यूपिंग: हाय, काय झोंबतंय!

यालान: आजी, माझे ओठ गेले. बोलता येईना नीट.

आजी: नाटकं.

छ्यूपिंग: आई, ते बाजारातलं नाही. माझ्या माहेरचं आहे. यंदाचं. भावानं झाडावरनं उतरवून दिलेलं. एका दाण्यानं माझं अर्धं तोंड बधिर झालंय.

आजी: मग मघाशी ‘हो आई’ का म्हणालीस?

छ्यूपिंग: तुम्ही बोलत होता. आणि मीठही, आई. शरदातल्या पुनवेपासून मीठ दुप्पट पडतंय तुमच्या हातनं. तुम्ही पडला होता ना त्या दिवशी विहिरीपाशी, तोंड जरा वाकडं झालं होतं, मग दोन दिवसांनी सरळ झालं. तेव्हापासून.

आजी: ते पित्त होतं.

छ्यूपिंग: असेल.

आजी: दुप्पट मीठ, आणि तुम्ही खात होता?

छ्यूपिंग: वरनं पाणी पीत होतो.

आजी: दाचुआनसुद्धा?

छ्यूपिंग: त्यांनीच सांगितलं होतं, आईला बोलायचं नाही म्हणून.

यालान: म्हणजे हंडी आज कुणी चाखलीच नाही.

आजी: तोंड सांभाळ.

यालान: चाखली नाही, आजी. तू चाखलीस, पण जिभेनं तुला काही सांगितलं नाही. सांगायला ती जागीच नाही. आई, बाबांना फोन लाव. आत्ता.

छ्यूपिंग: लावते… वाजतोय. उचलत नाहीत.

यालान: पुन्हा लाव.

आजी: चिखलाचे हात असतील. कंद लावताना कुणी फोन उचलतं का? उगाच घाबरवताय तुम्ही मला.

छ्यूपिंग: वाजतोय… वाजतोय नुसता… अहो! अहो, मी बोलतेय. कुठं आहात? बांधावर? बसलात का? का बसलात?

यालान: बोटं विचार.

छ्यूपिंग: म्हणतात कंद हातातनं निसटायला लागले म्हणून बसलोय. थंडीनं बोटं बधिर झाली असतील म्हणतात.

यालान: ओठ?

छ्यूपिंग: अहो, ओठ कसे आहेत? …हसतायत. गालावर मुंग्या चालल्यासारखं होतंय म्हणे. दारू चढली म्हणतात. अहो, हसू नका! हसू नका तुम्ही!

यालान: आहेत तिथंच आडवं व्हायला सांग. चालायचं नाही, सायकलवर बसायचं नाही, पाणी प्यायचं नाही. मी गाडी बोलावते… हॅलो? हो, विषबाधा. बचनाग. हो, कच्चा, पुरता शिजलेला नव्हता. दोन माणसं. एक नदीकडच्या शेतावर आहे, पुलाच्या अलीकडं. एक घरी.

आजी: दोन? दुसरं कोण?

यालान: आजी, तू किती प्यायलीस?

आजी: मला काही झालेलं नाही.

यालान: किती?

आजी: चाखायची पळी. मग माझी स्वतःची वाटी. मग तुझी.

यालान: माझी?

आजी: अर्धीच ओतलीस ना बाटलीत. अर्धी तशीच ठेवून गेलीस टेबलावर. टाकू? मी प्यायले. आणि वर अजून एक घेतली. तुला दाखवायला.

यालान: काय दाखवायला?

आजी: की माझ्या हंडीनं कुणी मरत नाही.

छ्यूपिंग: आई, हात दाखवा.

आजी: हात काय दाखवायचेत! सकाळभर गार पाण्यात बियाणं धुतलं, बोटं बधिर होणारच. तुझी नाही झाली?

छ्यूपिंग: माझी कधीच ऊन झाली. तो पेला धरा बघू. घट्ट धरा.

आजी: धरलाय की.

यालान: आजी, पेला!

आजी: …निसटला. ओला होता.

छ्यूपिंग: कोरडा होता, आई.

आजी: जुना पेला. माझ्या लग्नातला. बघ, किती तुकडे झाले. छ्यूपिंग, केरसुणी आण, पोरीच्या पायात जाईल.

छ्यूपिंग: राहू दे केर. आडव्या व्हा.

आजी: भर दुपारी आडवं व्हायला मी काय बाळंतीण आहे? ज्येष्ठमध उगाळ थोडा. मुगाचं पाणी कर. माझी सासू असल्याला मुगाचं पाणीच द्यायची, घटकाभरात माणूस उठून बसायचं.

यालान: काही द्यायचं नाही पोटात. आत्ताच सांगितलं फोनवर त्यांनी.

आजी: त्यांनी सांगितलं! आणि संध्याकाळी माणसं येणार, अंगणात बाकं मांडलीत, त्यांना काय—

छ्यूपिंग: आई, गप्प बसा!

आजी: …काय म्हणालीस?

छ्यूपिंग: गप्प बसा म्हणाले. यंदा कोरडी मी आहे. धावायचं काम माझं, मग बोलायचंही माझं. या पलंगावर पडा. यालान, गोधडी टाक अंगावर, आणि मान एका कुशीला कर, ओकारी आली तर घशात जायला नको. मी आधी हंडी ओतून येते, आणि मग बांधावर जाते त्यांच्याकडं.

आजी: हंडी ओतायची नाही. पू घराण्याची हंडी कधी ओतली नाही.

छ्यूपिंग: आज ओतणार. परसात खोल खड्डा काढते, वर दगड ठेवते, कुत्रं तोंड घालायला नको. आणि जाताना पहिल्या दाराशी सांगते, आज कुणी येऊ नका. ते पुढच्याला सांगतील.

आजी: काय सांगशील लोकांना?

छ्यूपिंग: खरं सांगेन.

आजी: छ्यूपिंग. अगं, छ्यूपिंग! …गेली. बघितलंस? इतकी वर्षं ‘हो आई, हो आई’ करत होती. आज पिसाळली.

यालान: आजी, बोलू नकोस. श्वास कसा वाटतोय?

आजी: नाकातनं येतोय जातोय, आणखी कसा वाटणार? यालान.

यालान: हं.

आजी: दाचुआन दोनच वाट्या प्यायला ना?

यालान: दोनच.

आजी: पण वर दारू. दारूनं चढतं ते. माझी सासू सांगायची, बचनाग पायी चालतो, दारू त्याला घोड्यावर बसवते. लहानपणापासून तो असाच. नको म्हटलं की मुद्दाम.

यालान: कुणावर गेलेत?

आजी: आता तू मला हसवू नकोस… यालान, खिडकी कुणी लावली का? अंधारलंय.

यालान: उघडी आहे. ऊन आहे बाहेर.

आजी: पिवळं पिवळं दिसतंय सगळं. आणि छातीत काहीतरी… पाखरू धरल्यासारखं. फडफडतं, मग थांबतं. थांबतं तेव्हा जास्त वाईट वाटतं.

यालान: गाडी निघालीय. पुलापर्यंत आली असेल. आधी बाबांना घेतील, मग इथं. मनगट दे माझ्या हातात. नाडी बघू दे.

आजी: तुझं बोट लागतंय का ते मला कळत नाही.

यालान: लागतंय. मी धरलंय.

आजी: तू लाल धागा का बांधलास गं?

यालान: चुकले, आजी.

आजी: मला विचारायचं होतंस. ‘आजी, हे विषारी आहे, हे कशाला बांधू’ एवढं विचारायला काय तोंडाला फोड आली होती?

यालान: तू माझ्याशी बोलत नव्हतीस. फुलांवरनं.

आजी: मी बोलत नव्हते म्हणून काय झालं? तू बोलायचंस. …थांबलं बघ पुन्हा पाखरू.

यालान: आजी, माझ्याकडं बघ. डोळे मिटू नकोस. दवणपानीचं पान कसं असतं ते सांग मला.

आजी: तुला माहीत नाही? एवढी शिकलीस.

यालान: सांग तरी.

आजी: बारीक चिरलेलं. दवण्यासारखं. भोपळपानी रुंद असतं, तळहाताएवढं. घोसाळपानी मधलं… त्याची खाच… त्याची खाच खोल… यालान, मला भीती वाटतेय. छ्यूपिंगला सांगू नकोस.

यालान: नाही सांगणार. गाडीचा आवाज येतोय बघ. ऐकू येतोय ना? आजी? आजी, खाच कशी असते? सांग. आजी!

(दुसऱ्या दिवशी, दिवस कलताना. तालुक्याच्या दवाखान्यात दोन खाटा. एकीवर दाचुआन झोपलेला, दुसरीवर आजी. छातीला तारा चिकटवलेल्या, उशाशी यंत्राची टिकटिक.)

आजी: हे बंद करा. रात्रभर टकटक चाललंय, सुतारपक्षी बसलाय उशाशी.

छ्यूपिंग: ते तुमचं काळीज आहे, आई. ते बंद करायचं नसतं.

आजी: दाचुआन श्वास घेतोय का बघ.

छ्यूपिंग: आत्ताच बघितलं. घोरतायत. डॉक्टर म्हणाले, संकट टळलं, पण दोघांना अजून सोडणार नाहीत.

आजी: पुन्हा बघ.

छ्यूपिंग: बघते.

आजी: आणि ती कुठंय? पळाली का चेंगडूला?

यालान: दाराशीच आहे, आजी.

आजी: दाराशी काय उभी? आत ये. रात्रभर रडलेली दिसतेस. डोळे बेडकासारखे झालेत.

यालान: बाटलीचा रिपोर्ट आला. काल रात्रीच्या बसनं चेंगडूला पाठवली, मैत्रिणीनं मशीनला लावली. आत्ता फोनवर सांगितलं.

आजी: काय म्हणते तुझी मशीन?

यालान: विष होतं. पुष्कळ. शिजून बरंचसं मेलं होतं, सगळं नव्हतं मेलं. भोपळपानी असती तर तेवढ्या शिजण्यानं कदाचित निभावलं असतं. दवणपानीत मुळातच कितीतरी पट असतं.

आजी: आणि औषध? गुडघ्याला, काळजाला ऊब देणारं जे असतं ते? तेही भोपळपानीतच जास्त का?

यालान: नाही. तेही दवणपानीतच जास्त. जिच्यात विष जास्त, तिच्यातच औषधही जास्त. म्हणून तर मोजत होते. खारवून, शिजवून विष कुठं संपतं आणि औषध कुठं उरतं, ते प्रत्येक पानाचं वेगळं आहे.

छ्यूपिंग: म्हणजे आईंसारखीच की दवणपानी.

आजी: छ्यूपिंग! तुला फार वाचा फुटलीय कालपासून.

छ्यूपिंग: हो, आई.

आजी: हं. असं म्हण, म्हणजे ओळखीचं वाटतं. लोकांना काय सांगितलंस?

छ्यूपिंग: सांगितलं तसंच. कच्चा बचनाग पडला हंडीत, आईंची जीभ आजारी होती, घरात कुणी बोललं नाही.

आजी: हसले असतील.

छ्यूपिंग: कुणी हसलं नाही. पलीकडच्या म्हातारीनं बांधावर राहिलेली यांची सायकल आणून ठेवली, आपल्या कोंबड्या कोंडल्या. म्हणाली, आमच्याही घरात एकटी मीच चाखते, आता सुनेलाही चाखायला लावते.

आजी: तिची जीभ? तिला तर व्हिनेगर आणि पाणी ओळखता येत नाही. बरं झालं. यालान, इकडं ये. अशी माझ्यासमोर उभी राहा, दिसू दे मला तोंड. आता निकाल सांगते. एकदाच सांगणार.

यालान: सांग.

आजी: विषाला लाल धागा बांधलास, ते चुकलंस. माझ्या तुळईला टांगलंस आणि मला सांगितलं नाहीस, ते त्याहून चुकलंस. राग माझा होता, तुळईचा नव्हता. ती तुळई सगळ्या घराच्या पोटावर टांगलेली असते.

यालान: हो.

आजी: मध्ये बोलू नकोस. आणि थोरल्या बाईनं दोन्ही हातांनी दिलेली वाटी तू नाकारलीस. उद्धटपणा केलास. असली पोर पू घराण्यात याआधी निपजली नव्हती. …ते बरोबर केलंस.

यालान: आजी…

आजी: रडायचं असेल तर बाहेर जाऊन रड. त्या तीन ओळी पुढच्या उन्हाळ्यातही फुलू देत. गाव हसलं तर मी बघेन. धागा मात्र पांढरा.

यालान: पांढरा.

छ्यूपिंग: आई, पेज आणलीय. डॉक्टर म्हणाले, आता थोडी थोडी द्या. निवतेय.

आजी: मीठ घातलंय का तीत?

छ्यूपिंग: चाखून बघा की.

आजी: मी काय बघू, मला कुठं कळतंय? यालान, तो चमचा घे. आधी तू घे घोटभर. तू ‘हो’ म्हणालीस की मी पिते.